निसर्गछायाचित्रण आणि परिसराचा पाठ : नांदूर मधमेश्वरच्या पाणथळीवरून

परिसर अभ्यासात पाणपक्ष्यांचा भाग आला म्हणजे पुष्कळ वर्गांत पुस्तकातील एका रंगीत चित्राकडे बोट दाखवून काम भागविले जाते. चित्र सुबक असते. परंतु तो पक्षी कोठला, कोणत्या ऋतूतला, त्या क्षणी तो काय करीत होता, ह्यांपैकी कशाचाही उलगडा त्यावरून होत नाही. मुलांच्या मनात पक्षी म्हणजे छापील कागदावरील एक स्तब्ध आकृती एवढेच उरते. शाळेने स्वतः काढलेले छायाचित्र रंगाने फिकट असले तरी त्यामागे ठिकाण असते, दिवस असतो, आणि ‘हे आपण पाहिले’ असे सांगणारी मुले असतात. पाठास जिवंतपणा येतो तो येथूनच.

नाशिक जिल्ह्यातील शिक्षकांस ह्या कामी मोठी अनुकूलता आहे. शहराच्या पूर्वेस सुमारे ४० किलोमीटरांवर, निफाड तालुक्यात, गोदावरी व कादवा ह्या नद्यांच्या संगमाजवळ नांदूर मधमेश्वरचा बंधारा आहे. कालव्यांस पाणी मिळावे म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी तो बांधण्यात आला. पुढे वर्षानुवर्षे नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला व जलाशयाची खोली उणावली. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा तोटाच होय. परंतु उथळ पाणी, चिखलाचे पट्टे, पाणगवताने वेढलेली लहान बेटे आणि काठची झाडी ह्यांमुळे पक्ष्यांस तेथे अन्न व आसरा दोन्ही मिळाले. १९८६ साली ह्या भागास अभयारण्याचा दर्जा देण्यात आला. पुढे रामसर करारान्वये जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत त्याचा समावेश झाला, व तसे २०२० च्या जानेवारीत जाहीर करण्यात आले. असा मान मिळालेली महाराष्ट्रातील ही पहिलीच पाणथळ. (रामसर हे इराणातील एक गाव असून तेथे १९७१ साली हा करार झाला, एवढे मुलांस भूगोलाच्या तासाला नकाशावर दाखवावे.) पक्ष्यांच्या दोनशेंहून अधिक जातींची नोंद येथे झाली आहे. पक्षिप्रेमी मंडळी ह्या स्थानास महाराष्ट्राचे भरतपूर म्हणतात ते अकारण नव्हे.

पाणथळीवर जाण्यापूर्वी मात्र वर्गातच एक पाठ करून घेणे इष्ट आहे, आणि त्याचा मूळ धडा ह्याच जिल्ह्यातील एका गृहस्थाने घालून दिलेला आहे. धुंडिराज गोविंद फाळके ह्यांचा जन्म त्र्यंबकेश्वर येथे ३० एप्रिल १८७० रोजी झाला. चलच्चित्रपटाचे जनक म्हणून दादासाहेब फाळके हे नाव सर्वतोमुखी आहे. परंतु ‘राजा हरिश्चंद्र’ पूर्ण होण्यापूर्वी त्यांनी कॅमेऱ्यापुढे प्रथम बसविला तो राजाही नव्हे व राणीही नव्हे, तर कुंडीत पेरलेला वाटाण्याचा एक दाणा. १९१२ साली इंग्लंडहून कॅमेरा व इतर साहित्य घेऊन ते परतले. त्या यंत्राने काय साधते हे भांडवल पुरविणाऱ्यांस पटवावयाचे होते. दाण्यास कोंब फुटून त्याचे रोप होईपर्यंत महिनाभराहून अधिक काळ ते त्याची थोडी थोडी चित्रे घेत राहिले. ती पडद्यावर सलग दाखविली, तेव्हा दिवसांचे काम प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत क्षणांत घडू लागले. ‘अंकुराची वाढ’ ह्या नावाने तो लहानसा चित्रपट ओळखला जातो.

ह्या प्रयोगास आज महाग यंत्राची गरज नाही. शिक्षकाच्या खिशातील मोबाइल पुरेसा आहे. मातीने भरलेल्या पसरट भांड्यात हरभऱ्याचे अथवा वाटाण्याचे पाच-सहा दाणे पेरावेत. दोन विटांमध्ये मोबाइल उभा राहील अशी खाच करावी व विटांच्या कडांभोवती जमिनीवर खडूने रेघ मारून ठेवावी, म्हणजे कोणी विटा हलविल्या तरी त्या मूळ जागी बसविता येतात. भांड्याच्या जागेवरही तशीच खूण असावी. दररोज ठरावीक वेळी, शक्य तर प्रार्थनेनंतर लगेच, एक छायाचित्र घ्यावे. वेळ बदलली की खिडकीतून येणारा उजेड बदलतो, आणि मग रोपात झालेला फरक कोणता व उजेडातला कोणता हे कळेनासे होते. पंधरा दिवसांनी सर्व चित्रे ओळीने दाखविली असता रोप उजेडाकडे कसे झुकले, पहिले पान कोणत्या दिवशी उलगडले, हे मुले स्वतःच सांगू लागतात. सुटीच्या दिवसाचे चित्र राहून जाते, ते राहू द्यावे. नोंदवहीत त्या दिवसासमोर ‘सुटी’ असे लिहावे. आदल्या दिवसाचे चित्र पुन्हा चिकटवून जागा भरू नये. यंत्र स्थिर ठेवणे, वेळ पाळणे आणि जे दिसले नाही ते न दाखविणे, ह्या तीन सवयी ह्या साध्या पाठात लागतात, व पुढे पाणथळीवर त्यांचाच उपयोग होतो.

प्रकाश

हिवाळ्यात स्थलांतर करून येणारे पक्षी नांदूर मधमेश्वर येथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी ह्या काळात भरपूर दिसतात. सहलीसाठी तेच महिने योग्य. परंतु शाळांच्या सहली तेथे पोहोचतात त्या बहुधा अकराच्या सुमारास, म्हणजे छायाचित्रणाच्या दृष्टीने सर्वांत वाईट वेळी. तोपर्यंत सूर्य वर आलेला असतो, पक्ष्यांच्या पाठीवर ऊन पडून पोटाखाली काळी सावली पडते, आणि तापलेल्या जमिनीवरील हवा हलू लागल्याने दूरचे सर्व काही लाटांतून पाहिल्यासारखे थरथरते. ह्या थरथरीवर कोणत्याही भिंगाचा इलाज चालत नाही. सकाळचे पहिले दोन तास उत्तम. लहान मुलांस पहाटे नेणे शक्य नसेल तर दुपारी साडेतीनला पोहोचून सूर्यास्तापूर्वी परतीस लागावे. त्या वेळी ऊन तिरपे व मऊ असते, आणि दिवसा सुस्त बसलेली बदके चरण्यासाठी हलू लागतात.

उभे राहण्याची जागा निवडताना सूर्य पाठीशी असावा, हा नियम सर्वांस ठाऊक असतो; तथापि तो प्रत्येक वेळी पाळावा असे नाही. सूर्य पक्ष्याच्या मागे असेल तर रंग नाहीसे होतात व केवळ काळी आकृती उरते. ओळख पटविण्याच्या पाठास ही आकृती कधी कधी रंगीत चित्राहून अधिक उपयोगी पडते. शेकाट्याचे काडीसारखे लांब पाय, चमच्याची टोकास चपटी होणारी चोच, शराटीची विळ्यासारखी वाकलेली चोच, ही अशा चित्रात झटकन डोळ्यांत भरतात, कारण पाहणाऱ्याचे लक्ष वेधून घेण्यास दुसरे काहीच उरलेले नसते.

पांढऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत नवशिक्यांची हमखास निराशा होते. काळसर चिखलात उभा असलेला बगळा छायाचित्रात नुसता पांढरा ठिपका होऊन येतो; त्यास ना पीस असते ना डोळा. ह्याचे कारण समजून घेतले पाहिजे. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम उजळ असावे असे धरून कॅमेरा किती प्रकाश आत घ्यावयाचा ते ठरवितो. दृश्याचा बहुतेक भाग काळा असला म्हणजे तो अधिक प्रकाश घेतो, आणि त्यात बिचारा बगळा जळून जातो. अशा वेळी प्रकाश हाताने कमी करावा लागतो. मोबाइलच्या पडद्यावर बगळ्यावर बोट ठेवले असता बाजूस सूर्याची खूण दिसते; ती खाली ओढली की चित्र मंद होते व पिसांची कड दिसू लागते. उलट, चमचमत्या पाण्यावर पोहणारा काळा चांदवा घ्यावयाचा असेल तर तीच खूण वर न्यावी. ह्या चांदव्याच्या कपाळी पांढरा टिळा असल्याने कित्येक ठिकाणी त्यास ‘वारकरी’ म्हणतात. हे नाव मुलांस एकदा सांगावे, ते पुन्हा विसरत नाहीत.

अंतर आणि धीर

‘मोठे भिंग नाही, म्हणून पक्ष्यांची छायाचित्रे निघत नाहीत’ अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. तीत तथ्य आहे, पण अर्धेच. मोबाइलच्या पडद्यावर बोटांनी चित्र ताणून पक्षी मोठा केला तर भिंगाच्या मर्यादेपलीकडे केवळ मूळ चित्राचा तुकडा कापून मोठा केला जातो. त्यात नवा तपशील येत नाही. ज्यांच्याजवळ दुर्बीण आहे त्यांनी ती तिकाटीवर अथवा कठड्यावर पक्की टेकवून तिच्या डोळा लावावयाच्या भिंगाशी मोबाइलचे भिंग जुळवून पाहावे. प्रथम चित्राभोवती काळे वर्तुळ येते. हात स्थिरावला की ते नाहीसे होते. खाणगाव थडी येथील निरीक्षण मनोऱ्यांवर हा प्रयोग करण्याजोगा आहे. परंतु प्राथमिक वर्गाच्या पाठास पक्षी चित्रभर मोठा दिसलाच पाहिजे असा हट्ट का असावा? पाणगवताच्या कडेस, अर्ध्या चिखलात व अर्ध्या पाण्यात उभी असलेली जांभळी पाणकोंबडी चित्रात बोटाएवढी दिसली, तरी ती कोठे राहते, कशावर पाय ठेवते, धोका वाटल्यास कोठे दडेल, हे सर्व त्याच चित्रात असते. चित्रभर मोठ्या केलेल्या चेहऱ्यात ह्यांपैकी काहीच नसते. मोठ्या भिंगाच्या लोभाने पुष्कळ जाणत्यांची छायाचित्रेही एकसारखी होऊन गेली आहेत.

हाताचा कंप हा दुसरा शत्रू. कोपर बरगडीस टेकवावे, अथवा धान्याची किंवा वाळूची लहान पिशवी कठड्यावर ठेवून तिच्यात कॅमेरा रुतवावा. श्वास सोडून झाल्यावर, पुढचा घेण्यापूर्वी, कळ दाबावी. ज्या कॅमेऱ्यात झडपेचा वेग ठरविता येतो त्यात उभ्या पक्ष्यास सेकंदाचा १/२५० भाग बहुधा पुरतो. उडत्या पक्ष्यास १/१००० अथवा त्याहून कमी काळ लागतो. डोळा स्पष्ट आला पाहिजे. शेपूट अस्पष्ट राहिली तर चालते. शिवाय शिक्षकाने उभे राहून खाली पाहण्याऐवजी बसून पक्ष्याच्या पातळीवर यावे. वरून घेतलेल्या चित्रात बदक पाण्यावर ठेवलेल्या ताटलीसारखे दिसते. पातळीवरून घेतलेल्यात ते पाहणाऱ्याकडे पोहत येते.

बसण्याचा लाभ आणखीही आहे. उभे राहून चालत येणाऱ्या मनुष्याचे भय पक्ष्यांस फार. काठावर जाऊन बसले, आपसांतील बोलणे थांबविले आणि पंधरा-वीस मिनिटे हालचाल केली नाही, तर उडून गेलेले पक्षी परत उतरू लागतात. ही पंधरा मिनिटे मुलांकडून पाळून घेणे हेच ह्या पाठातील सर्वांत अवघड काम आहे, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. त्यांस नुसते ‘गप्प बसा’ म्हणून भागत नाही. काही काम द्यावे लागते. वर्गाच्या तिघातिघांच्या तुकड्या कराव्यात. एकाने छायाचित्र घ्यावे, दुसऱ्याने घड्याळ पाहून पक्ष्याची प्रत्येक कृती लिहावी, तिसऱ्याने पेन्सिलीने त्याची आकृती काढावी. मग कामे बदलावीत. एकच मोबाइल असल्यास तो तुकड्यांतून क्रमाने फिरवावा. शाळेत परतल्यावर आकृती व छायाचित्र शेजारी ठेवून पाहावे. पाय आकृतीत आखूड झाले असतील, चोच सरळ आली असेल. ‘आपण काय पाहिलेच नाही’ हे मुलास तेथे उमगते, व पुढच्या खेपेस ते अधिक बारकाईने पाहते.

एक सावधगिरी येथेच सांगितली पाहिजे. गाळाचा पृष्ठभाग वाळून भेगाळलेला दिसला तरी खाली तो ओला व खोल असतो. काठ सोडून एकाही मुलास पुढे जाऊ देऊ नये. वरच्या धरणांतून पाणी सोडले जाते तेव्हा येथील पातळीही बदलते. एका शिक्षकाने कॅमेऱ्यास हात न लावता केवळ मुलांवर लक्ष ठेवावे, कारण पडद्यात पाहणाऱ्याचे लक्ष आजूबाजूस राहत नाही.

पक्ष्याचे हित

पक्षी अस्वस्थ झाला हे तो उडण्यापूर्वीच सांगत असतो. चरणारे बदक खाणे थांबवून मान ताठ करते. टिटवी मान वरखाली झटकते व ओरडू लागते. थव्यातील सर्वांची तोंडे एकाच दिशेस वळतात. ही खूण दिसताच पुढे टाकलेले पाऊल मागे घ्यावे. ‘उडाला तर बरे, उडतानाचे चित्र मिळेल’ ह्या हेतूने टाळ्या वाजविणारे अथवा खडा मारणारे पर्यटक क्वचित् आढळतात. मुलांसमक्ष असे घडले तर त्याचा दोष तेथल्या तेथे समजावून द्यावा. चक्रवाक, ज्यास पुष्कळ लोक ब्राह्मणी बदक म्हणतात, तो उन्हाळ्यात लडाख, तिबेट व मध्य आशियाच्या बाजूस वीण करतो व हिवाळा काढण्यास इकडे येतो. परतीच्या प्रवासास लागणारी चरबी त्याने ह्याच काही महिन्यांत अंगी साठवावयाची असते. त्यास विनाकारण उडविणे म्हणजे त्याच्या शिदोरीतून काढून घेणे होय. एका मनुष्याने एकदा उडविले तर फारसे बिघडत नाही. परंतु सुटीच्या दिवशी माणसांची रीघ लागते, आणि पक्ष्यास दिवसभर उठबस करावी लागते.

ह्याहून गंभीर प्रश्न घरट्यांचा आहे. घरटे, अंडी व पिले ह्यांची छायाचित्रे लोकांस आवडतात, शालेय स्पर्धांतही त्यांस पसंती मिळते. ती पसंती बंद केली पाहिजे. टिटवीचेच उदाहरण घ्यावे. ती घरटे बांधत नाही. शेताच्या कडेस अथवा माळावर खड्यांमध्ये बहुधा चार अंडी उघड्यावर घालते. अंड्यांचा रंग मातीशी इतका मिळता असतो की पायाखाली येईपर्यंत ती दिसत नाहीत. वैशाखाच्या उन्हात ती अंडी उबविण्याऐवजी त्यांवर सावली धरून उभे राहण्याचे काम टिटवीस करावे लागते. कित्येकदा ती पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते व त्या ओलाव्याने अंडी निववते. छायाचित्र घेणारा जवळ उभा राहिला म्हणजे ती दूर जाऊन ओरडत फिरते. त्याला वाटते, पाचच मिनिटे झाली. तेवढ्या वेळात उघडी अंडी तापतात, आणि गवत तुडवून पडलेली पायवाट व पक्ष्याचा आक्रोश ह्यांवरून कावळा, कुत्रा किंवा मुंगूस ह्यांस ठिकाण कळते. छायाचित्र उत्तम आले व त्यातील एकही पिलू जगले नाही, असे होऊ शकते. आणि छायाचित्र पाहणाऱ्यास ते कधीच कळत नाही.

ही केवळ भूतदयेची गोष्ट नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ ह्या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी अथवा घरटी ह्यांस नुकसान पोहोचविणे व त्यांत व्यत्यय आणणे ह्यांचा अंतर्भाव केलेला आहे. बंदूक हाती घेतली नाही म्हणून मनुष्य निर्दोष ठरत नाही. त्याच कायद्यान्वये अभयारण्यात प्रवेशास परवानगी लागते व छायाचित्रणासाठीही परवान्याची तरतूद आहे. म्हणून सहलीपूर्वी मुख्याध्यापकांनी वनविभागाच्या कार्यालयाशी पत्रव्यवहार करून ठेवावा. जेथे स्पर्धा भरविल्या जातात तेथे घरट्याचे छायाचित्र स्वीकारले जाणार नाही अशी अट नियमांतच घालावी. ह्यावर ‘मग मुलांनी घरटे पाहावयाचे कसे?’ असा प्रश्न येईल. पिले उडून गेल्यावर गळून पडलेले सुगरणीचे घरटे वर्गात आणून त्याचे हवे तितके निरीक्षण करता येते.

मोबाइलने घेतलेल्या चित्रात स्थळाची नोंद आपोआप साठविली जाते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. शाळेच्या नोंदीस ती उपयोगी आहे; परंतु तेच चित्र जसेच्या तसे सर्वत्र पाठविले तर पक्ष्याचे ठिकाण अनोळखी लोकांस कळते. घुबडांच्या बाबतीत तर विशेष जपले पाहिजे, कारण अंधश्रद्धेपायी त्यांस पकडणारे लोक अद्याप आहेत. अशा पक्ष्याचे चित्र पाठविण्यापूर्वी स्थळाची नोंद काढून टाकावी व खाली केवळ तालुक्याचे नाव लिहावे. पक्ष्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्यास जवळ बोलाविण्याची युक्तीही शाळांनी वर्ज्य मानावी. आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी शिरला असे समजून तो पक्षी चारा सोडून धावत येतो. ते त्याचे कुतूहल नव्हे, भांडण असते.

माळ आणि डोंगर

येवला तालुक्यातील शाळांस ममदापूरचे काळवीट संवर्धन क्षेत्र जवळ पडते. तेथील पद्धत निराळी आहे. माळ उघडा असल्याने लपण्यास जागा नसते, व काळविटाची दृष्टी तीक्ष्ण. सरळ त्याच्याकडे चालत गेल्यास कळप पळतो. तिरप्या रेषेने, मध्ये थांबत, त्याच्याकडे लक्षच नसल्याप्रमाणे गेले तर तो पुष्कळ वेळ सहन करतो. वाहनातून न उतरता घेतलेली चित्रे बहुधा अधिक चांगली येतात. पीळदार शिंगांचा काळा नर व भुरी मादी एकाच चित्रात आली तर त्यावर एक संपूर्ण तास घेता येतो.

पावसाळ्यात त्र्यंबकेश्वरकडील शाळांनी अंजनेरीच्या परिसरात फुले पाहावीत. कंदीलपुष्पाच्या एका जातीस शास्त्रज्ञांनी ह्याच डोंगराचे नाव दिले आहे. तेथील मुलांस हे ठाऊक असणे अगत्याचे आहे. फुलाचे छायाचित्र घेताना वारा हाच मोठा अडथळा. उघडी छत्री वाऱ्याच्या बाजूस आडवी धरली की फूल स्थिर राहते, आणि ढगाळ उजेडात रंगही खरे येतात. चित्र स्वच्छ यावे म्हणून आजूबाजूचे गवत उपटणे, फूल तोडून सोईच्या जागी खोचणे, वरून पाणी शिंपडून दवाचा भास करणे, हे प्रकार करू नयेत. जे रोप वाचविण्यासाठी लोक खटपट करतात त्याचीच लहान रोपे गवताच्या नावाखाली उपटली जाण्याचा संभव असतो. पठारावर खडकाच्या उघड्या भागावरूनच चालावे. पातळ मातीत कंद असतात.

दुर्मिळाचा शोध घेता घेता नित्याचे राहून जाते, हेही सांगितले पाहिजे. एके काळी मेलेले गुरू गावाबाहेर पडले की गिधाडे उतरत, हे वडीलधाऱ्यांस आठवते. गुरांस देण्यात येणाऱ्या डायक्लोफिनॅक ह्या वेदनाशामक औषधामुळे ती मोठ्या संख्येने मेली. औषधाचा अंश असलेले मांस खाल्ल्याने त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. गुरांसाठी हे औषध बनविण्यावर २००६ साली बंदी आली, तोपर्यंत गिधाडे बहुतेक गावांतून दिसेनाशी झाली होती. जो पक्षी रोज दिसे त्याचे छायाचित्र घेण्याचे कोणास सुचले असेल? अंजनेरीच्या कड्यांवर आज थोडी गिधाडे आढळतात, ती पाहण्यास लोक लांबून येतात. म्हणून शाळेच्या आवारातील चिमण्या, साळुंक्या, वेडे राघू, ओढ्यावरचा खंड्या ह्यांचीही चित्रे व संख्या दर महिन्यास नोंदवावी.

नोंद

छायाचित्र घेऊन झाले म्हणजे निम्मे काम झाले. प्रत्येक चित्रासोबत तारीख, वेळ, ठिकाण, घेणाऱ्याचे नाव, पक्ष्याचे गावात प्रचलित असलेले नाव, संख्या व तो काय करीत होता ह्याचे एक वाक्य, एवढे लिहिले पाहिजे. नाव ठाऊक नसेल तर ‘अनोळखी’ असे लिहावे. अंदाजाने नाव देऊ नये, कारण एकदा लिहिलेले नाव पुढे खरे मानले जाते. पिंजऱ्यातील अथवा प्राणिसंग्रहालयातील प्राण्याचे चित्र असल्यास तसे स्पष्ट नमूद करावे. चित्रातील विजेची तार खटकते म्हणून ती पुसून टाकण्याची सोय हल्लीच्या यंत्रांत आहे. ती वापरू नये. पक्षी तारेवर बसला होता, हीसुद्धा माहिती आहे.

अशा नोंदींवरून पाठ कसा उभा राहतो ह्याचे एक उदाहरण पुरे होईल. चमचा, शेकाट्या, थापट्या बदक आणि खंड्या ह्या चार पक्ष्यांची चित्रे फळ्यावर लावावीत, नावे झाकावीत, आणि चोचींवरून प्रत्येकाचे जेवण ओळखण्यास सांगावे. चमचा आपली चोच किंचित उघडी ठेवून पाण्यात डावी-उजवीकडे फिरवितो. थापट्याच्या रुंद चोचीच्या कडांस कंगव्यासारखे दाते असतात, त्यांतून पाणी गाळले जाते. शेकाट्या लांब पायांवर खोल पाण्यात जाऊन बारीक चोचीने किडे टिपतो. खंड्या वरून सूर मारतो. मग विचारावे: बंधाऱ्यातील पाणी दोन हात वाढले तर ह्यांपैकी कोणास उपाशी राहावे लागेल? आणि सर्व पाणी आटले तर? मुले प्रथम गोंधळतात, नंतर पुन्हा चित्रांकडे वळतात व पायांची लांबी मोजू लागतात. ह्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नाही. ते त्यांच्या चित्रांत आहे.

ह्याखेरीज प्रत्येक शाळेने एक ठरावीक जागा निवडून, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तेथून एकच दृश्य टिपावे: ओढ्याचे वळण, तळ्याचा काठ, अथवा आवारातील वड. उभे राहण्याच्या जागी एक दगड पुरून ठेवावा व त्यावर रंगाने खूण करावी, म्हणजे शिक्षकाची बदली झाली तरी नव्या शिक्षकास जागा सापडेल. चित्रे शाळेच्या संगणकावर व दुसऱ्या एखाद्या साधनावर अशा दोन ठिकाणी ठेवावीत, आणि वर्षाअखेर बारा चित्रांच्या छापील प्रती नोंदवहीत क्रमाने चिकटवून ती वही दप्तराच्या कपाटात, हजेरीपटांशेजारी ठेवावी.